एका विकराची ढिली पकड, रक्तदाब आणि ब-२ जीवनसत्त्व

उच्च रक्तदाबाची कारणे विचारली की मीठ, वजन, ताणतणाव आणि आनुवंशिकता ही नावे लगेच पुढे येतात. जीवनसत्त्वांची आठवण सहसा कोणाला होत नाही. आनुवंशिकतेचा विचारही बहुधा ‘घराण्यात आहे, तेव्हा आपल्यालाही होणार’ एवढ्यावर थांबतो. पहिल्या गुणसूत्रावरील एमटीएचएफआर या जनुकाने ही समजूत थोडी सैल केली आहे.

या जनुकाच्या आराखड्यावरून शरीर त्याच नावाचे एक विकर (एन्झाइम) तयार करते. फोलेटला, म्हणजे ब-९ जीवनसत्त्वाला, रक्तात वावरणारे सक्रिय रूप देणे हे त्याचे काम आहे. याच रूपाच्या आणि ब-१२च्या मदतीने होमोसिस्टीन या अमिनो आम्लाचे मेथिओनिनमध्ये रूपांतर होते. काही व्यक्तींच्या जनुकात ६७७व्या जागी सायटोसिनऐवजी थायमिन असते (हे डीएनएमधले अक्षर, ब-१ जीवनसत्त्वाशी त्याचे केवळ नावापुरते साम्य आहे). एवढ्या एका अक्षराने ६५६ अमिनो आम्लांच्या साखळीतील २२२व्या जागेवर अ‍ॅलानिन जाऊन व्हॅलिन येते आणि विकराची कार्यक्षमता घटते. हा बदल १९९५ साली उजेडात आला. आई आणि वडील या दोघांकडूनही तो मिळालेल्या व्यक्तींना ‘टीटी’ म्हणतात. जगात सरासरी दहांतील एक माणूस टीटी असतो, मात्र प्रदेशानुसार हे प्रमाण बरेच बदलते.

विकर नेमके कुठे कमी पडते, हे पाहण्याजोगे आहे. ते एकट्याने काम करत नाही. त्याच्या खाचेत एफएडी नावाचा साहाय्यक रेणू बसलेला असावा लागतो आणि हा रेणू शरीर ब-२ जीवनसत्त्वापासून, म्हणजेच रिबोफ्लेविनपासून, घडवते. टीटी व्यक्तींच्या विकराची एफएडीवरची पकड ढिली असल्याने तो रेणू सहज निसटतो आणि विकर निकामी होते. मात्र आसपास रिबोफ्लेविन मुबलक असेल, तर निसटलेल्या रेणूची जागा लगेच दुसरा घेतो आणि काम पुष्कळसे सुरळीत चालते. जनुकातील दोष कायमच राहतो, पण त्याची झळ किती बसावी हे बऱ्याच अंशी ब-२च्या पुरवठ्यावर ठरते.

टीटी व्यक्तींमध्ये उच्च रक्तदाबाचा धोका अधिक असल्याचे अनेक पाहण्यांत दिसले आहे. उत्तर आयर्लंडमधील अल्स्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी तरुण वयातच हृदयविकार जडलेल्या रुग्णांना १६ आठवडे रोज १.६ मिलिग्रॅम रिबोफ्लेविन दिले. टीटी गटात रक्तदाबाचा वरचा आकडा सरासरी १३ मिमी पाऱ्याने उतरला. इतर जनुकप्रकारांच्या रुग्णांत काहीच फरक पडला नाही. हृदयविकार नसलेल्या, पण रक्तदाब चढलेल्या टीटी व्यक्तींवरील नंतरच्या चाचणीत ही घट ५.६ मिमी भरली. पहिल्या आकड्याच्या तुलनेत ती लहान वाटेल, तरी रक्तदाबाच्या हिशेबात पाच मिमीही दुर्लक्षण्याजोगे नसतात. शिवाय १.६ मिलिग्रॅम हा काही औषधी डोस नव्हे. युरोपात प्रौढांसाठी सुचवलेले रोजचे प्रमाणही तेवढेच आहे.

मला यातला सर्वांत बोलका भाग वाटतो तो ‘इतरांत फरक नाही’ हा. सरसकट सगळ्यांना रिबोफ्लेविन देऊन सरासरी काढली असती, तर दहांतील एकाचा लाभ उरलेल्या नऊ जणांच्या आकड्यांत विरून गेला असता आणि रक्तदाबाशी ब-२चा संबंध नाही, असा निष्कर्ष बिनदिक्कत छापला गेला असता. फोलिक आम्लाकडे, म्हणजे फोलेटच्या कृत्रिम रूपाकडे, लक्ष आधी गेले, कारण त्याने होमोसिस्टीन खाली येते. रक्तदाबावर मात्र त्याचा म्हणावा तसा परिणाम होत नाही. रक्तवाहिन्या सैल ठेवणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडच्या निर्मितीला सक्रिय फोलेट हातभार लावते आणि रक्तवाहिन्यांच्या पेशींत ते कमी पडल्यामुळे दाब चढतो, असे स्पष्टीकरण मांडले जाते. त्यावर शिक्कामोर्तब व्हायचे आहे.

या चाचण्यांतील बहुतेक रुग्णांची रक्तदाबाची औषधे चालूच होती आणि रिबोफ्लेविन त्यांच्या जोडीला दिले गेले होते. म्हणून ते सुरू केले तरी डॉक्टरांनी दिलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नये.