कोलंबसला विरोध झाला, पण पृथ्वीच्या आकारावरून नाही

‘पृथ्वी सपाट आहे, कडेवरून खाली पडशील’ असं बजावणाऱ्या धर्मगुरूंना कोलंबसने १४९२ मध्ये खोटं पाडलं, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. ती खरी नाही. पृथ्वी गोल असल्याचे पुरावे ॲरिस्टॉटलने त्याच्या अठराशे वर्षं आधी दिले होते. चंद्रग्रहणातली गोल सावली हा त्यातलाच एक. इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने तर पृथ्वीचा परीघही मोजला. मध्ययुगीन विद्यापीठांत हेच शिकवत.

कोलंबसला पश्चिमेकडे जात आशिया गाठायचा होता; स्पेनच्या दरबारी तज्ज्ञांचा आक्षेप त्यातल्या अंतराला होता. कोलंबसने पृथ्वी फार लहान धरली आणि आशिया फार लांबवर ताणला. त्याच्या हिशेबाने आफ्रिकेजवळच्या कॅनरी बेटांपासून जपान साधारण साडेचार हजार किलोमीटर. प्रत्यक्षात चौपटीहून जास्त. म्हणजे बरोबर होते ते तज्ज्ञच! मध्ये अमेरिका आडवी आली म्हणून, नाहीतर अन्नपाणी संपून सगळे दर्यातच मेले असते.

सपाट पृथ्वीचा प्रसंग रंगवला अमेरिकन लेखक वॉशिंग्टन आयर्विंगने, १८२८ च्या कोलंबस-चरित्रात. पुढे धर्म विरुद्ध विज्ञान असा वाद पेटल्यावर चर्चला झोडपायला तो आयताच सापडला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हटल्याबद्दल चर्चने गॅलिलिओवर चालवलेला १६३३ चा खटला हाताशी असताना या बनावट गोष्टीची गरज का पडावी, कोण जाणे.