पीएफवर जन्मभर व्याज? एक खुलासा
‘निवृत्तीनंतर पीएफ काढू नका, व्याज जन्मभर मिळतं’ हा निरोप वडोदऱ्यात, मकरपुऱ्याच्या कारखान्यांतून निवृत्त होणाऱ्या आपल्या मंडळींत बराच फिरतो. नोकरीत दरवर्षी व्याज जमा होताना पाहिलेलं असतं, म्हणून तो पटतोही. पण ५५ किंवा त्यापुढच्या वयात निवृत्त झाल्यावर ३६ महिन्यांत रक्कम काढली नाही, तर खातं निष्क्रिय होतं, व्याज थांबतं. ५८ला निवृत्ती, तर ६१पर्यंतच. मुद्दल मात्र बुडत नाही. शिवाय नोकरी सुटल्यानंतरचं व्याज करपात्र असतं.

पीएफच्या पासबुकात व्याजाची शेवटची नोंद कोणत्या वर्षाची आहे, ते पाहा. पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे ना, आधार आणि बँकेतलं नाव तंतोतंत जुळतं ना, हे आधी तपासा. दावे इथंच अडकतात. पीएफसाठी फॉर्म १९, पेन्शनसाठी १०-डी.