क्योटोची शाकुहाची मंडळी : १८७१ नंतरची जुळवाजुळव

क्योटोतल्या म्योआन-जी मंदिराभोवतीच्या शाकुहाचीवादकांबद्दल, म्हणजे बांबूची उभी बासरी फुंकणाऱ्यांबद्दल, लिहिताना ‘शेकडो वर्षांची अखंड परंपरा’ असं सर्रास म्हटलं जातं. परंपरा जुनी आहे, यात वाद नाही. अखंड मात्र नाही. ती एकदा पुरती मोडली, आणि आज तिथे वाजतं त्यातलं बरंच काही त्यानंतर बाहेरून आणलेलं आहे.

एडो काळातल्या (१६०३–१८६८) कोमुसोंची, म्हणजे डोक्यावर टोपली ओढून शाकुहाची फुंकत भिक्षा मागणाऱ्या फुके या झेन पंथाच्या भिक्षूंची, गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. पुढचं समजायला एवढं पुरे की त्यांच्या सवलती, म्हणजे भिक्षेचा हक्क आणि नाक्यांवरून मोकळी ये-जा, १६१४ च्या एका सनदेवर उभ्या होत्या. ती पहिला तोकुगावा शोगुन (लष्करी शासक) इएयासू याने दिली असं सांगत, पण मूळ कागद कधीच पुढे आला नाही. अभ्यासक ती बनावट मानतात. १८४७ मध्ये शोगुनशाहीनेच या सवलतींना मान्यता नाकारली. शोगुनशाही जाऊन सम्राटाचं मेइजी सरकार आलं तेव्हा पायाखालची जमीन आधीच सरकलेली होती.

१८७१ मध्ये नव्या सरकारने फुके पंथच बरखास्त केला आणि भिक्षूंची नावं सामान्य प्रजेच्या नोंदीत घातली. पुढच्या वर्षी सगळ्याच पंथांच्या भिक्षाटनावर बंदी आली, ती १८८१ पर्यंत टिकली. म्योआन-जी बंद झालं. तिथल्या पूज्य वस्तू जवळच्या तोफुकु-जी या झेन मंदिराच्या एका उपमंदिरात ठेवल्या गेल्या. तोक्योतल्या वादकांनी खटपट करून वाद्य म्हणून शाकुहाची वाचवली. कोतो आणि शामिसेन या तंतुवाद्यांच्या साथीला ती बसली, मैफली आणि शिकवण्या सुरू झाल्या. ज्यांच्यासाठी फुंकणं हीच साधना होती, त्यांचं मात्र मंदिरही गेलं आणि भिक्षाही.

खरा पेच इथून पुढे आहे. भिक्षाबंदी उठल्यावर क्योटोत जुनी मंडळी तोफुकु-जीच्या आश्रयाने पुन्हा जमू लागली आणि १८९० च्या आसपास त्यांची रीतसर संस्था उभी राहिली. पण शिकवायचं काय? जुन्या मंदिराच्या रचना गुरुमुखातून घेतलेला एक वादक हयात होता. तरी पुढारपण गेलं ते नागोयाकडे तयार झालेल्या, साधारण त्याच वयाच्या दुसऱ्या वादकाकडे. त्याने तिकडच्या आणि इतर ठिकाणच्या रचना गोळा केल्या, घासूनपुसून साध्या केल्या आणि तिसाहून अधिक रचनांचा संच बांधला. आज ‘म्योआन’ म्हणून जगभर शिकवला जातो तो मुख्यतः हाच संच. मंदिराचं नाव त्याला मिळालं. मंदिराचं जुनं वादन मात्र वेगळ्या नावाने, मोजक्या शिष्यांपुरतं उरलं. ते जपणारा तो वादक १९४२ मध्ये वारला.

हा निर्णय चुकला असं म्हणता येत नाही. विस्कटलेल्या माणसांना रोज एकत्र वाजवता येईल असं काहीतरी हवं होतं आणि ते त्या संचाने दिलं. पण जुना प्रवाह हाताशी असताना तो कडेला पडला, हे परिचयपर लेखांत एका ओळीनेही येत नाही. ही उणीव लहान नाही.

मैफलीच्या शाखांपासून ही मंडळी दूर राहिली ती वाद्यामुळेही. मैफलीच्या शाकुहाचीत बांबूच्या पोकळीला आतून माती आणि रोगणाचा लेप देऊन स्वर पक्के करतात, कारण कोतोशी जुळवायचं असतं. इकडे लेप न देता, गाठी फोडून मोकळी केलेली पोकळी पसंत केली जाते. अशा प्रत्येक नळीचा स्वभाव निराळा. त्यामुळे अनेकांनी एकच रचना फुंकली तर स्वर काटेकोर जुळत नाहीत, आणि इथे कोणाची तशी अपेक्षाही नसते. श्वास किती लांब, किती स्थिर, याकडे कान असतात.

१९५० मध्ये म्योआन-जीला स्वतंत्र धार्मिक संस्था म्हणून पुन्हा मान्यता मिळाली. पुढच्या दशकांत परदेशी शिकाऊ येऊ लागले. २०१२ चा जागतिक शाकुहाची महोत्सव क्योटोतच भरला. या परदेशी शिकाऊंपैकी काहींनी जुन्या, कडेला पडलेल्या शाखेच्या रचनाही शोधून शिकायला सुरुवात केली आहे, आणि कुठल्या वादनाला मंदिराचं मूळ वादन म्हणायचं हा वाद त्यामुळे पुन्हा जागा झाला आहे.