जांभळी पडलेली फिल्म उतरवताना

सेकंड हँड गाडीच्या मागच्या काचेवर जांभळट, फुगे आलेली फिल्म हमखास दिसते. ती जांभळी का होते? स्वस्त फिल्ममधला काळा रंग हा एक रंग नसतोच. वेगवेगळी रंगद्रव्यं मिसळून तो तयार होतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी ही द्रव्यं विटतात, पण सगळी एका वेगाने विटत नाहीत. काही लवकर जातात आणि उरलेल्यांची जांभळी छटा वर येते. मागचा अ‍ॅक्रिलिक गोंदही उष्णतेने थकतो. जिथे त्याची पकड सुटते तिथे फुगे धरतात. रात्री मागच्या गाडीचे दिवे या फुग्यांवर विखुरतात आणि आरशात नुसता धूसर उजेड दिसतो. अशी फिल्म काढायलाच हवी, तिच्यावर दुसरी चढवून भागत नाही.

फिल्म पीईटीची असते. पाण्याच्या बाटल्यांचंच हे प्लास्टिक, जाडी साधारण ५० मायक्रॉन. काढताना खरा सामना असतो तो गोंदाशी. हा गोंद थोडा घन, थोडा द्रव असा वागतो. झटक्यात ओढलं तर तो ताठर होतो आणि ओढायला जास्त जोर लागतो; उन्हाने ठिसूळ झालेली फिल्म मग फाटते आणि चिंध्या हातात येतात. ऊब देऊन सावकाश ओढली तर तीच फिल्म अखंड निघते. मात्र फार तापवलं की गोंद इतका मऊ पडतो की निम्मा काचेवरच राहतो. म्हणून मला हीट गनपेक्षा वाफेचं यंत्र बरं वाटतं. वाफ काचेपर्यंत पोहोचते ती फार तर १०० अंशांच्या आसपास. हीट गन कित्येक शे अंशांपर्यंत जाते. बाजूच्या टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेल्या काचा ते सोसतात, पण लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचा चिकटवून केलेली विंडस्क्रीन एकाच जागी तापली तर तडकू शकते.

बाजूच्या काचेवर उरलेला गोंद साबणाचं पाणी मारून, काच ओली ठेवून, नव्या ब्लेडने खरवडता येतो. मागच्या काचेला मात्र ब्लेड लावूच नये. तिथल्या तांबूस आडव्या रेघा म्हणजे डीफॉगर, विजेवर तापून काचेवरची वाफ घालवणाऱ्या: चांदी असलेली पेस्ट काचेच्या आतल्या बाजूवर छापून भाजलेली असते आणि फिल्म थेट तिच्यावर चिकटवलेली असते. या रेघा समांतर जोडणीत असल्यामुळे एक तुटली तर बाकीच्या चालू राहतात, पण पावसाळ्यात वाफ धरली की तेवढाच पट्टा धुकट राहतो. इथे वाफ, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ कापड आणि सबुरी एवढंच चालतं. अमोनिया लावून काच उन्हात ठेवायची जुनी युक्तीही आहे. अमोनिया गोंद सोडवतो हे खरं, पण बंद गाडीत तो डोळ्यांना आणि फुप्फुसांना घातक आहे.

आता नवी फिल्म कोणती घ्यायची? माणसं काळोखी बघून निवडतात आणि फसतात. जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्यऊर्जेपैकी जवळपास निम्मी अवरक्त (इन्फ्रारेड) असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. रंगीत फिल्म उजेड अडवते, पण अवरक्तातला बराच भाग सोडून देते. शिवाय स्वतः तापून त्यातली काही उष्णता आत टाकते. सिरॅमिक फिल्ममधले धातूंच्या ऑक्साइडचे नॅनोकण दिसणारा प्रकाश जाऊ देतात आणि अवरक्त अडवतात. त्यामुळे जवळजवळ पारदर्शक फिल्मही काळ्या फिल्मपेक्षा गाडी गार ठेवू शकते. दुकानदार ‘इन्फ्रारेड ९० टक्के’ म्हणाला तर एकूण सौर ऊर्जा किती अडते ते विचारा. पहिला आकडा कधीकधी ठरावीक तरंगलांबीपुरताच मोजलेला असतो.

कायद्याचा हिशेबही इथेच बसतो. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फिल्म लावण्यावर बंदी घातली. पुढे २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला काचांबद्दलचा नियम १०० बदलला आणि २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने मर्यादेतल्या फिल्मला मुभा असल्याचं म्हटलं. मर्यादा अशी: पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. हा आकडा काच आणि फिल्म मिळून असतो, आणि इथेच लोक चुकतात. कंपनीची काच ७८ टक्के उजेड सोडत असेल आणि वर ५० टक्क्यांची फिल्म लावली तर उरतो ३९ टक्के. ७० टक्क्यांची लावली तर साधारण ५५. विंडस्क्रीनला मुळात फारशी जागाच उरत नाही, आणि तिच्या दोन काचांमधला पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा थर बहुतेक अतिनील किरण आधीच अडवतो. ती तशीच राहू द्यावी. तुमच्या भागात अंमल कसा होतो, हे लावण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

फिल्म बसवताना काचेवर शाम्पूचे थेंब टाकलेलं पाणी मारतात. त्यावर ती तरंगते, सरकवून नेमकी जागेवर आणता येते; मग स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, पाणी बाहेर ढकलायचं. वक्र काचेसाठी कारागीर फिल्म आधी बाहेरून काचेवर ठेवून गरम हवेने आकसवतो. बनवताना ताणून गोठवलेले पीईटीचे रेणू ऊब मिळताच आखडतात आणि सपाट फिल्म गोलाई धरते. उरलेलं पाणी फिल्ममधून हळूहळू उडतं, त्याला काही दिवस ते काही आठवडे लागतात. तोवर दिसणारे पाण्याचे बारीक फुगे आपोआप जातात, फक्त पहिले तीन-चार दिवस काच खाली करू नये. धुळीचा कण मात्र जात नाही. तो दिसला तर फिल्म ओली असतानाच, पैसे देण्याआधी, कारागिराला दाखवावा.