उत्पादन लेथ

एकाच मापाचे नग शेकड्यांनी किंवा लाखांनी काढण्यासाठी बनवलेल्या लेथ (धातूचा तुकडा फिरवत कापणाऱ्या) यंत्रांना उत्पादन लेथ म्हणतात. साध्या सेंटर लेथवर कसबी टर्नर (लेथ चालवणारा कारागीर) हवा तो जॉब, म्हणजे कामाचा तुकडा, उतरवतो. पण दर नगाला टूल बदलणे, माप घेणे, टेलस्टॉक (जॉबच्या दुसऱ्या टोकाला आधार देणारा भाग) सरकवणे यातच त्याचा बराच वेळ जातो. उत्पादन लेथवर कसब लागते ते सेटिंग करताना. सेटर टूल आणि स्टॉप (हालचाल ठरल्या जागी थांबवणारे अडसर) बसवून देतो, पुढचे काम ऑपरेटर सांभाळतो.

कॅपस्टन लेथ आणि टरेट लेथ या दोहोंत टेलस्टॉकच्या जागी षट्कोनी टरेट, म्हणजे टूल धरणारे फिरते डोके, असतो. त्याच्या सहा बाजूंवर ड्रिल, बोअरिंग बार, टॅप अशी टूल क्रमाने लावतात. तोंडी परीक्षेत हमखास विचारला जाणारा फरक असा : कॅपस्टनमध्ये सॅडल (टरेटखालची बैठक) बेडवर, म्हणजे लेथच्या लांब पायावर, आवळलेले असते आणि टरेट त्यावरच्या छोट्या स्लाइडवर पुढे येतो. हात हलका चालतो, पण स्लाइड जितकी बाहेर येईल तितकी तिची मजबुती घटते. टरेट लेथमध्ये टरेट थेट सॅडलवर बसतो आणि अख्खे सॅडल बेडवरून सरकते. त्यामुळे जड कास्टिंगवर खोल कट घेता येतो, मात्र वेग कमी.

ऑटोमॅटमध्ये, म्हणजे स्वयंचलित लेथमध्ये, ऑपरेटरच्या हातांचे हे कामही कॅम (फिरत टूल सरकवणाऱ्या आकार दिलेल्या चकत्या) करतात. अमेरिकेत ख्रिस्तोफर स्पेन्सर यांनी १८७३ मध्ये अशा यंत्राचे पेटंट घेतले. आपल्याकडे एकस्पिंडली (जॉब फिरवणारा एकच दांडा, म्हणजे स्पिंडल, असलेल्या) कॅम ऑटोमॅटला सर्रास ‘ट्रॉब’च म्हणतात, मग बनावट कोणाचीही असो, मूळ नाव जर्मन कंपनीचे. नवा नग आला की कॅम बदलावे लागतात, आणि खरा हिशेब इथेच आहे. समजा, सेटिंगला ६ तास लागले. २०० नगांच्या लॉटमध्ये प्रत्येक नगावर १०८ सेकंदांचा बोजा पडतो, २०,००० नगांत जेमतेम एका सेकंदाचा. म्हणून ‘कोणते यंत्र वेगवान?’ हा प्रश्न लॉट किती मोठा हे कळेपर्यंत अर्धवटच असतो.

बहुस्पिंडली ऑटोमॅटमध्ये चार, सहा किंवा आठ स्पिंडलवर एकाच वेळी वेगवेगळ्या टप्प्यांचे काम चालते. एका नगाचा वेळ म्हणजे सर्वांत लांब टप्प्याचा वेळ अधिक स्पिंडल बसवलेला ड्रम पुढच्या टप्प्यावर फिरण्याचा वेळ. त्यामुळे खोल ड्रिलिंग दोन स्टेशनांत वाटून सेटर सेकंद वाचवतो.

स्लायडिंग हेड लेथ स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगातून आला. यात बार स्वतः पुढे सरकतो आणि टूल गाइड बुशच्या (बारला आधार देणाऱ्या नळीच्या) अगदी तोंडाशी कापते. आधाराबाहेरच्या बारची वाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने बारीक, लांब पिना इथेच सरळ उतरतात. बदल्यात ग्राइंड केलेला, सारख्या व्यासाचा महाग बार लागतो आणि शेवटी वाया जाणारा तुकडाही लांब असतो. मोठ्या व्यासाच्या रिंगा नि फ्लँजेससाठी उभा टरेट लेथ घेतात. जॉब स्वतःच्या वजनाने टेबलावर नीट बसतो.

सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) लेथने कॅमची जागा प्रोग्रॅमला दिली. सेटिंग तासांवरून मिनिटांवर येऊ शकते, त्यामुळे ५०–१०० नगांचा लॉटही परवडतो. बडोद्यासारख्या शहरात, जिथे पंप, व्हॉल्व्ह आणि बेअरिंग बनतात, हा फरक जाणवतो. सयाजीराव गायकवाडांनी इथे १८९० मध्ये कलाभवन काढले. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा त्याचीच वारस. रावपुरा-दांडिया बाजारातल्या मराठी घरातून मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) कामाला लागलेल्या मुलाला आज सेटर व्हायचे तर ऑफसेट (टूलच्या मापाची यंत्रात भरायची दुरुस्ती) नि प्रोग्रॅम यावाच लागतो. तरी जुनी यंत्रे सगळीच भंगारात जात नाहीत. एका बाजूने सीएनसीवर तयार झालेल्या नगाला दुसऱ्या बाजूने नुसते भोक किंवा चॅम्फर (कडेला तिरका काप) द्यायचा असेल, तर त्यासाठी महागड्या यंत्राचा तास खर्चण्यापेक्षा कॅपस्टनच स्वस्त पडतो.