लठ्ठपणा आणि स्त्रियांचे प्रजननस्वास्थ्य

शरीरात मेद प्रमाणाबाहेर साठल्याने मासिक पाळी, गर्भधारणा व गरोदरपण यांवर होणारे परिणाम. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृद्‌विकार, पित्ताशयातील खडे, गुडघ्यांची झीज आणि झोपेत श्वास अडकणे हे लठ्ठपणाचे धोके स्त्री-पुरुष दोघांनाही असतात.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात (अध्याय २१) अतिस्थूलाचे आठ दोष दिले आहेत. त्यांत आयुष्य घटणे हा पहिला असून वंध्यत्वाचा स्वतंत्र उल्लेख नाही. लठ्ठपणा व वंध्यत्व यांचा संबंध प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्राटीझच्या नावावरील एका ग्रंथात (बहुधा इ. स. पू. पाचव्या शतकाची अखेर, कर्तृत्व वादग्रस्त) सिथियन (काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील भटक्या लोकांतील) स्त्रियांसंदर्भात स्पष्ट येतो.

लठ्ठपणाशी जोडल्या जाणाऱ्या प्रजननविकारांतील सर्वाधिक चर्चित विकार म्हणजे बहुपुटी अंडाशय लक्षणसमूह (पीसीओएस; अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांची वाढ व अंडाशयात अनेक लहान पुटी ही त्याची लक्षणे). त्याचा आद्य उल्लेख इटालियन वैद्य व्हालिस्नेरी यांनी १७२१ मध्ये केला, असे अनेक लेखक म्हणतात. एका काहीशा स्थूल, अपत्यहीन शेतकरी तरुणीची मोठी, पांढुरकी, चकाकणारी अंडाशये त्यांनी वर्णिली. मात्र ते एकाच रुग्णाचे वर्णन आहे, त्यावरून निदान ठरवणे धाडसाचे होईल. १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन व लेव्हेंथाल यांनी सात स्त्रियांची लक्षणे एकत्र मांडली. विकाराचा इतिहास तेथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. त्या सगळ्याच काही स्थूल नव्हत्या. या विकाराच्या निदानासाठीच्या २००३ च्या रॉटरडॅम निकषांतही वजनाला स्थान नाही. त्यामुळे लठ्ठपणा हे या विकाराचे एकमेव कारण नव्हे. लठ्ठपणाने तो बळावतो, एवढेच म्हणता येते.

पोटाभोवतीच्या मेदाबरोबर इन्सुलिनरोध (इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद कमी होणे) वाढतो. रक्तात वाढलेले इन्सुलिन अंडाशयाला जास्त अँड्रोजन (टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी संप्रेरके) तयार करण्यास उद्युक्त करते आणि यकृतातील लिंगसंप्रेरक-बंधक प्रथिनाची निर्मिती घटवते. परिणामी मुक्त टेस्टोस्टेरॉन वाढते. बीजोत्सर्ग चुकतो, पाळी लांबते, चेहऱ्यावर राठ केस येतात. मेदपेशींतील अ‍ॅरोमाटेझ विकर अँड्रोजनांचे इस्ट्रोजेनांत रूपांतर करते. बीजोत्सर्गाअभावी प्रोजेस्टेरॉनची जोड नसल्यास गर्भाशयाचे अस्तर वाढत राहते. त्या अस्तराच्या कर्करोगाचा लठ्ठपणाशी असलेला संबंध विशेष बळकट आहे.

गरोदरपणात मधुमेह, पूर्वाक्षेपक (प्रीएक्लॅम्प्सिया; गरोदरपणातील वाढत्या रक्तदाबाचा विकार), गर्भपात, सिझेरियन व मज्जानलिकेचे (गर्भातील मेंदू व मज्जारज्जू जिच्यापासून बनतात त्या नलिकेचे) जन्मजात दोष यांचा धोका वाढतो.

शरीर वस्तुमान निर्देशांकाची (किग्रॅ.मधील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) लठ्ठपणासाठीची जागतिक मर्यादा ३० आहे. भारतीय तज्ज्ञांच्या २००९ च्या सहमतीनुसार ती २५, तर स्त्रियांसाठी कंबरेच्या घेराची मर्यादा ८० सेंमी. ठरली होती. भारतीयांत कमी वजनातही मेदाचे प्रमाण जास्त असते, हे पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून दिसले. पुणे परिसरातील नवजात बालके (सरासरी २.७ किग्रॅ.) ब्रिटिश बालकांहून (३.५ किग्रॅ.) लहान असली, तरी त्यांच्या त्वचेखालील मेद त्या मानाने फारसा कमी नव्हता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण–५ (२०१९–२१) नुसार १५–४९ वयोगटातील २४% स्त्रियांचा निर्देशांक २५ वा अधिक होता.

वजन ५ ते १०% घटल्यास अनेकींची पाळी व बीजोत्सर्ग पूर्ववत होतात. जठर लहान करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळण्यास सांगतात.