लिश्टेनस्टाइनचा ऑलिंपिक संघ

लिश्टेनस्टाइनचा ऑलिंपिक संघ : स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्यामध्ये वसलेल्या, १६० चौ. किमी. क्षेत्रफळाच्या आणि जेमतेम ४० हजार वस्तीच्या लिश्टेनस्टाइनचा संघ. मराठीत या देशाचं नाव चार-पाच तऱ्हांनी लिहिलं जातं, इथे हे एकच रूप ठेवलंय. २०२२ च्या बीजिंगपर्यंत संघाची १० पदकं होतात, २ सुवर्ण, २ रौप्य, ६ कांस्य, आणि ती सगळीच्या सगळी हिवाळी ऑलिंपिकमधली, त्यातही फक्त अल्पाइन स्कीइंगमधली (डोंगरउतारावरून स्कीवर वेगाने खाली येण्याच्या शर्यती). हिवाळी पदक आहे पण उन्हाळी एकही नाही असा तोवर हा एकच देश होता.

राष्ट्रीय ऑलिंपिक समिती १९३५ मध्ये स्थापन झाली. त्यात पुढाकार होता बॅरन एडुआर्ड फॉन फाल्ट्स-फाइन यांचा, जन्म जुन्या रशियन साम्राज्यातला (आताचं युक्रेन), आणि १९३६ ला गार्मिश-पार्टेनकिर्खेनच्या पहिल्याच हिवाळी संघात ते स्वतः बॉबस्लेमध्ये (बर्फाच्या वळणदार मार्गावरची घसरगाडीची शर्यत) उतरले होते. पुढे २०१८ मध्ये १०६ व्या वर्षी ते वारले.

१९३६ च्याच बर्लिन ऑलिंपिकमध्ये लिश्टेनस्टाइन आणि कॅरिबियनमधला हैती यांचे झेंडे एकसारखेच निघाले, हा किस्सा सगळीकडे सांगितला जातो पण तपशिलात तो नीट जुळत नाही, म्हणून थोडं सविस्तर. लिश्टेनस्टाइनचा तेव्हाचा झेंडा म्हणजे वर निळा खाली लाल असे दोन आडवे पट्टे, बाकी काही नाही, आणि हैतीचा साधा नागरी झेंडाही नेमका तसाच. एका पाठानुसार उद्घाटनाच्या संचलनातच हे लक्षात आलं, दुसऱ्यानुसार नंतर कधीतरी स्पर्धेच्या दरम्यान. हैतीच्या बाजूने अडचण अशी की त्यांचा एकुलता एक वेटलिफ्टर शेवटी स्पर्धेत उतरलाच नाही, त्यामुळे सहभागी देशांच्या बऱ्याच याद्यांत हैतीचं नाव सापडत नाही आणि मग वाचणाऱ्याला वाटतं की किस्साच बनावट आहे. पण उद्घाटनाला हैतीचं पथक होतं अशी नोंद मिळते. शिवाय हैतीच्या सरकारी झेंड्यावर मधोमध पांढऱ्या चौकोनात राजचिन्ह असतं, म्हणजे बर्लिनमध्ये दोघांपैकी कुठला झेंडा फडकला यावर बरंच अवलंबून आहे. फेब्रुवारीत गार्मिशला हाच निळा-लाल झेंडा कुणाला खटकला नाही, कारण तिथे हैती नव्हता, आणि ही गोष्ट किस्सा खरा मानण्याच्या बाजूने जाते. तारखेबद्दल मात्र वाद नाही, फरक कळावा म्हणून १९३७ मध्ये लिश्टेनस्टाइनच्या निळ्या पट्ट्यावर सोनेरी मुकुट आला आणि १९८२ च्या कायद्याने त्याचं आजचं रूप पक्कं झालं. रंगांबद्दल निळा म्हणजे आकाश आणि लाल म्हणजे घरातल्या चुलीतला विस्तव असाही अर्थ लावतात, पण राजघराण्याच्या सेवकांच्या गणवेशातून, साधारण १८ व्या शतकापासून, हे रंग आले हे म्हणणं जास्त पटण्यासारखं आहे.

पदकांचा इतिहास खरं तर दोन घरांचा इतिहास आहे, आणि दरडोई पदकांचा जो आकडा नेहमी पुढे केला जातो त्यातून हे दिसतच नाही. १९७६ ला इन्सब्रुकमध्ये हानी वेंत्सेल आणि विली फ्रॉमेल्ट दोघांना स्लॅलमचं (खांबांमधून नागमोडी उतरण्याची शर्यत) कांस्य मिळालं. हानीचा जन्म जर्मनीतल्या श्ट्राउबिंगचा, पण वाढली लिश्टेनस्टाइनमध्येच. १९८० च्या लेक प्लॅसिडला तिने डाउनहिलमध्ये (सगळ्यात वेगवान उतरण) रौप्य आणि मग जायंट स्लॅलम (खांब जास्त अंतरावर असलेली स्लॅलम) नि स्लॅलम दोन्हींत सुवर्ण मिळवलं, म्हणजे तेव्हा बायकांच्या तीनच अल्पाइन शर्यती होत्या आणि तिन्हींत तिला पदक, आणि धाकटा भाऊ आंद्रेआस जायंट स्लॅलममध्ये स्वीडनचा स्कीपटू श्टेनमार्क याच्या मागे दुसरा. त्याच हंगामात वर्ल्ड कपचं एकूण विजेतेपदही या बहीण-भावाकडेच गेलं. देशाची वस्ती तेव्हा २५ हजारांच्या आसपास. आणि हे सांगायलाच हवं की हानी दोन सुवर्णं घेऊन आली तेव्हा तिच्या देशात बायकांना राष्ट्रीय निवडणुकीत मत देता येत नव्हतं, तो हक्क १९८४ च्या सार्वमताने मिळाला तोही थोडक्या फरकाने.

१९८४ ला साराजेव्होत हानीला उतरता आलं नाही, जाहिरातींचे पैसे थेट घेतल्यामुळे हौशी खेळाडूंच्या नियमांत ती बसत नव्हती (श्टेनमार्कचंही तेच झालं). तिथे आंद्रेआस आणि उर्सुला कॉन्झेट यांना कांस्य, १९८८ ला कॅलगरीत विलीचा भाऊ पाउल फ्रॉमेल्टला कांस्य, आणि मग तब्बल ३० वर्षं काहीच नाही. २०१८ ला प्याँगचँगमध्ये सुपर-जीचं (डाउनहिल आणि जायंट स्लॅलम यांच्यामधली शर्यत) कांस्य मिळवणारी टिना वायराथर ही हानीचीच मुलगी, वडील ऑस्ट्रियाचे स्कीपटू हार्टी वायराथर. २०१० चं ऑलिंपिक तिचं दुखापतीने हुकलं, २०१४ ला सोचीत उद्घाटनाला देशाचा झेंडा तिने धरला आणि त्यानंतर सरावात पडून एकही शर्यत करता आली नाही, म्हणून २०१८ च्या त्या कांस्याची किंमत नुसत्या पदकतक्त्यातून कळत नाही. थोडक्यात १० पैकी ७ पदकं वेंत्सेल घराची, २ फ्रॉमेल्ट बंधूंची, आणि बाहेरचं एकच, कॉन्झेटचं.

देशात स्की-रिसॉर्ट म्हणण्यासारखं ठिकाण एकच, साधारण १,६०० मीटरवरचं माल्बुन.

उन्हाळी संघ लहानच राहिला. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकवर लिश्टेनस्टाइनने बहिष्कार टाकला होता. टोकियोला आर्टिस्टिक स्विमिंगची जोडी उतरली, पॅरिस २०२४ ला रोमानो प्युंटेनर हा माउंटन बायकर एकटाच होता. १० लाखांहून कमी वस्तीच्या युरोपीय देशांच्या क्रीडास्पर्धा १९८५ मध्ये सॅन मारिनोत सुरू झाल्या, त्या लिश्टेनस्टाइनने १९९९ आणि २०११ अशा दोनदा भरवल्या.